जिभेला चिकटलेलं हाड

"दोन्ही गालांतून घे," शकुन गेडाम मुलीला म्हणाली. "कमी नको पडाले."

पौर्णिमाने कापसाची काडी आईच्या उजव्या गालाच्या आतून फिरवली, दुसरी डाव्या गालातून फिरवली, आणि दोन्ही काड्या नळीत घालून बूच लावलं. नळीवर तिने नुसता आकडा लिहिला. नावं एका कुलूपबंद यादीत राहणार होती आणि ती यादी पौर्णिमाच्या ताब्यात होती.

"आता तरी सांग," पौर्णिमा म्हणाली. "पत्रं मी पाठवली ती आमडोहच्या हाडाला हात लावलेल्या लोकांना. तुला कोणी बोलावलंच नव्हतं. तरी तू वरोऱ्यावरून सकाळची बस धरून आली."

"हाड सापडलं त्या वर्षीच्या रजिस्टरात काय लिवलं हाय?"

"देशकर सर, दोन विद्यार्थी, आणि ‘मजूर, पाच’."

"त्या पाचातली एक मी."

एवढं बोलून शकुनने पदराने तोंड पुसलं. ती आता एकोणसाठ वर्षांची होती. वरोऱ्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा परिचर म्हणून तिने जन्म काढला होता आणि गेल्याच वर्षी ती निवृत्त झाली होती. एकुलती एक मुलगी नागपूरच्या जीवाश्म संस्थेत शास्त्रज्ञ झाली, याचं वरोऱ्यात सगळ्यांना कौतुक होतं. आमडोहच्या टेकडीवर आपणही एकदा काम केलं, हे शकुनने या मुलीला कधी सांगितलं नव्हतं. पोरीच्या मनात या विषयाबद्दल अढी बसू नये, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण ती स्वतःशीसुद्धा क्वचितच बोलायची. त्या संस्थेत आपलं एक माणूस पोचलं पाहिजे, असं तिने फार पूर्वीच ठरवलं होतं.

गोष्ट चौतीस वर्षांपूर्वीची, २००९ सालच्या फेब्रुवारीतली.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमडोह गावाबाहेर एक बुटकी टेकडी आहे. खाली काळ्या दगडाचा थर, वर काळ्या दगडाचा थर, आणि मधे पुरुषभर उंचीची तांबूस, करडी माती. काळे थर म्हणजे थिजलेला लाव्हा. मधली माती म्हणजे दोन उद्रेकांमधला सवडीचा काळ. त्या सवडीत तिथे तळी साचली, झाडं वाढली, आणि झाडं खायला लांब मानेचे अजस्र प्राणी आले. नागपूरच्या याच संस्थेतले प्रा. अच्युत देशकर त्या मातीत हाडं शोधत होते आणि शकुनला त्यांनी मदतीला घेतलं होतं. ती आमडोहचीच होती, भूगर्भशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली होती, पण सरांच्या लेखी ती टोपली उचलणारी होती.

रानात हाड कोणतं आणि दगड कोणता, हे ओळखायची एक जुनी रीत आहे. तुकडा जिभेला लावायचा. दगड सुटून येतो. हाडात मात्र बारीक बारीक नळ्या असतात, त्या ओल शोषून घेतात आणि हाड जिभेला चिकटून बसतं. जगभरचे लोक हेच करतात. देशकर सर मात्र करत नसत. सरांचं पोट नाजूक. त्यांचा पेला वेगळा, पाण्याची बाटली वेगळी, त्या बाटलीला कोणी शिवलं तर सर त्या पाण्याने हात धुवायचे आणि नवी उघडायचे. अशा माणसाने गुरं चरतात त्या रानातला धोंडा तोंडाला लावायचा म्हणजे फारच झालं. ते दोन बोटांत तुकडा धरून शकुनपुढे करायचे. "गेडाम, बघा जरा." गेडाम बघायची. महिन्याभरात तिने त्या टेकडीची निम्मी माती चाखली असेल.

फेब्रुवारीच्या शेवटी तिला तो जबडा सापडला. सर तेव्हा गाडीत बसून संत्रं सोलत होते. तुटलेल्या जबड्याच्या आत, अजून बाहेर न आलेला एक दात होता. तिने तुटलेली बाजू जिभेला लावली आणि ती इतकी घट्ट चिकटली की सोडवताना जिभेला रक्त आलं.

पण जबड्याहून मोठी गोष्ट तिला आधीच सापडली होती. त्या मातीत अंड्यांच्या कवचांचे तुकडे होते. जसजसं खालून वर जावं तसतशी ती कवचं पातळ होत जात होती. शकुनच्या घरी कोंबड्या होत्या. कोंबडीच्या खाण्यात काही वाईटसाईट आलं की लिबलिबीत अंडी पडतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिने बसून बावीस पानं लिहिली. लाव्ह्याबरोबर जमिनीतून पारा आणि गंधक वर आलं, ते पाल्यावर बसलं, पाला माद्यांच्या पोटात गेला, अंडी पातळ पडली, पिल्लं जगेनात. आकाशातून काही पडायच्या आधीच आपल्याकडचे डायनोसॉर संपलेले होते. वही तिने सरांना दिली. सर म्हणाले, वाचून परत देतो.

दीड वर्षाने तो सिद्धान्त परदेशी नियतकालिकात छापून आला. ‘देशकर सिद्धान्त’ हे नाव त्याला नंतर पडलं. शेवटी एका ओळीत ‘स्थानिक मजुरांचे’ आभार होते. शकुन नागपूरला गेली, संस्थेच्या व्हरांड्यात मोठ्याने बोलली, लेखी तक्रारही करून आली. संस्थेने सरांचा खुलासा घेतला आणि त्याची एक प्रत तिला पाठवून दिली. पुढच्याच आठवड्यात जीवाश्म अंडी चोरल्याचा आळ तिच्यावर आला. पोलीस दोन दिवस गावात येऊन घराची झडती घेत होते. काही सापडलं नाही, प्रकरण बारगळलं, पण गावाने तिला नाव ठेवलं, ‘अंडीचोर’. लग्न होऊन सासरी गेली तर ते नाव तिच्याआधी तिथे पोचलेलं होतं. पौर्णिमा दोन वर्षांची असताना ती तिला कडेवर घेऊन वरोऱ्याला आली, ती कायमचीच.

सरांचं बरं चाललं. पुरस्कार झाले, पाठ्यपुस्तकात धडा झाला. त्या प्राण्याला स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नाही असा शास्त्राचा शिष्टाचार आहे, म्हणून सरांनी ते एका विद्यार्थ्याकडून देववलं. ‘आमडोहोसॉरस अच्युती’. आणि प्रत्येक भाषणात ते एक किस्सा सांगत. "मी खाली वाकलो. ते हाड उचललं, जिभेला लावलं, आणि ते चिकटलं. त्या क्षणी मला कळलं." शकुनने हा किस्सा आधी रेडिओवर ऐकला, मग टीव्हीवर, मग फोनवर. दर वेळी तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि आता हे यंत्र आलं होतं.

यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं. संस्थेतले लोक त्याला ‘पंचांग’ म्हणत. दात वाढतो तो रोज एका रेघेने. झाडाच्या खोडात वर्षाचं एक वलय असतं, तशी दातात दिवसाची एक रेघ असते. पंचांग लेझरच्या सुईने ती एकेक रेघ उडवतं, उडालेले अणू मोजतं आणि सांगतं की त्या दिवशी जनावराने काय खाल्लं, काय प्यालं, श्वासातून काय घेतलं. वाचलेली रेघ मात्र जळून जाते. ती पुन्हा वाचता येत नाही.

हे यंत्र एक जुनं भांडण मिटवणार होतं. डायनोसॉर सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी गेले, यावर कुणाचं दुमत नव्हतं. कशाने गेले यावर होतं. बहुतेक शास्त्रज्ञ म्हणत, दहा-बारा किलोमीटर रुंदीचा एक अशनी आजच्या मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आदळला, धूळ आणि काजळीने सूर्य झाकला, झाडं मेली आणि मागोमाग सगळेच उपाशी मेले. जगभर त्या वयाच्या मातीत इरिडियम हा धातू सापडतो. तो जमिनीवर दुर्मीळ आणि अशन्यांमध्ये मुबलक. हा त्यांचा पुरावा. दुसरा पक्ष आपल्या पायाखाली बोट दाखवायचा. महाराष्ट्र ज्या काळ्या दगडावर उभा आहे, तो लाव्हा नेमका त्याच सुमाराला, लाखो वर्षं थांबत थांबत, भूमीतून उसळत होता. त्यातल्या विषारी वायूंनी जग आधीच खंगवलं होतं, असं यांचं म्हणणं. देशकर सिद्धान्त या पक्षाचा सेनापती होता.

आमडोहच्या जबड्यातला दात प्राणी मेला तेव्हा अजून वाढत होता. म्हणजे त्याची शेवटची रेघ हा त्या प्राण्याचा शेवटचा दिवस. दातात जेमतेम दीडशे दिवस होते. पहिले नव्वद पौर्णिमाने तयारीत वाचले होते आणि त्यांत पारा भरपूर निघाला होता. सर खूश झाले. उरलेले साठ दिवस सर्वांसमक्ष, समारंभ करून वाचायचे, असा हट्ट सरांनीच धरला. अठ्ठ्याहत्तरीतही त्यांची समारंभाची हौस फिटली नव्हती.

आता राहिला गालातला कापूस. इतक्या बारीक मोजणीत माणसाच्या हाताचा घाम, थुंकी, सगळं दिसतं. ते वजा करायचं तर कुणाचं आहे ते कळायला हवं. म्हणून हाड हाताळलेल्या सगळ्यांचे नमुने घ्यायचे आणि ‘शुद्धितक्ता’ म्हणून अहवालाला जोडायचे, असा नियम होता. सरांनी आपला नमुना पहिल्याच दिवशी मोठ्या उत्साहाने दिला होता. पोरीने फोनवर सहज सांगितलेला हा नियम ऐकून शकुनला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं.

चार दिवसांनी पौर्णिमा वरोऱ्याला आली. चप्पल काढता काढताच तिने विचारलं, "देशकर सरांनी ते हाड कधी जिभेला लावलं होतं?"

"काहून?"

"सगळे नमुने तपासले. तुटलेल्या बाजूच्या छिद्रांत थुंकी आहे. रक्तसुद्धा आहे थोडं. एकाच माणसाचं, बाईचं. सरांचं नावालासुद्धा काही नाही." ती खुर्चीत बसली. "तुझं आहे, आई."

"मग. माहं उष्टं हाय ते." शकुन गॅसपाशी उभी होती. तिने गॅस बंद केला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. टेकडी, वही, पोलीस, ते नाव. सांगताना तिचा आवाज एकदाही हलला नाही. इतक्या वर्षांत तिने हे मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की ते पाठ झालं होतं.

पौर्णिमा म्हणाली, "मी दहावीत असताना मला चित्रकलेला जायचं होतं. तू नाही म्हणाली. दगडाचंच शिक म्हणाली. ते याच्यासाठी?"

शकुन ओटा पुसायला लागली.

"मी माणूस आहे आई. तुझा कोयता नाही."

"आवडते ना तुले हे काम?"

"आवडतं. म्हणूनच जास्त राग येऊन राहिला."

रागात असूनही पौर्णिमाने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे तिने कबूल केलं की तक्ता खरा तो खरा, तो वाचनाबरोबरच जाहीर होईल, आणि त्यात शकुन गेडाम हे नाव असेल. दुसरं म्हणजे तिने एक प्रश्न विचारला. "ती कवचं सगळी एकाच जातीच्या प्राण्याची होती, हे तू कशावरून ठरवलं?"

"दुसरी कोणाची असतीन मग?" शकुन म्हणाली. तिच्या डोक्यात तेव्हा फक्त समारंभ होता. सर व्यासपीठावर उभे राहतील, जिभेचा किस्सा सांगतील, टाळ्या पडतील. मग ती उठेल, तक्ता वाचायला सांगेल, आणि सगळ्या देशासमोर त्या माणसाच्या तोंडून वदवून घेईल की हाड तिचं, विचारही तिचाच. तिने त्या दिवसासाठी नवं पातळ काढून ठेवलं.

समारंभ दुपारी होता. सभागृह भरलं होतं. शकुन तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती. सरांनी तिला ओळखलं, किंचित दचकले आणि मग ओळखलंच नाही असं दाखवून पुढे गेले. यंत्र व्यासपीठावर काचेच्या पेटीत होतं आणि पौर्णिमा त्याच्या शेजारी उभी होती.

सर बोलायला उभे राहिले. आवाज थकला होता, पण लकबी सगळ्या शाबूत होत्या. "मी खाली वाकलो," ते म्हणाले. "ते हाड उचललं, जिभेला लावलं, आणि ते चिकटलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शकुननेही वाजवल्या, जरा जोरातच. आता फक्त साठ रेघा वाचून होऊ द्यायच्या होत्या. विचार खरा ठरला की त्याच क्षणी तो मागायचा, असं तिचं ठरलं होतं.

पौर्णिमाने यंत्र सुरू केलं. पडद्यावर दिवसांमागून दिवस उमटू लागले. एक्क्याण्णवाव्या दिवशी पारा होता. शंभराव्याला कमी झाला. एकशेदहाव्याला आणखी कमी. एकशेवीसपर्यंत तो जवळजवळ नाहीसा झाला आणि रेघा रुंद होऊ लागल्या. रुंद रेघ म्हणजे भरपूर चारा. जनावर आजारातून उठलं होतं. पाऊस झाला होता, पाला कोवळा होता आणि ते पोटभर खात होतं. एकशेतीस, एकशेचाळीस, सगळं उत्तम.

सर पुढे वाकून पडद्याकडे बघत होते.

एकशेबेचाळिसाव्या दिवशी रेघेत काजळी आली, आणि काजळीबरोबर इरिडियम. त्यानंतरच्या रेघा केसाएवढ्या बारीक झाल्या. एकशेत्रेचाळीस, चव्वेचाळीस. खायला नव्हतं, उजेड नव्हता. एकशेपन्नासावी रेघ जेमतेम दिसली आणि तिच्यापुढे रेघ नव्हती. नऊ दिवसांत सगळं आटोपलं होतं.

पौर्णिमा ध्वनिक्षेपकापाशी आली. ती सरांकडे बघत नव्हती आणि आईकडेही बघत नव्हती. "हा प्राणी उद्रेकाच्या विषातून वाचला होता," ती म्हणाली. "तो निरोगी होता. त्याला अशनीनंतरच्या अंधाराने मारलं. आम्ही कवचंही तपासली. खालची जाड कवचं याच जातीची आहेत. वरची पातळ कवचं एका वेगळ्या, बऱ्याच लहान प्राण्याची आहेत. अंडी पातळ होत गेली नव्हती. वर अंडी घालणारं जनावरच बदललं होतं."

शकुनला आधी कळलं नाही आणि मग सगळं एकदम कळलं. खाली कोंबडीचं अंडं, वर लाव्याचं अंडं, आणि ती शेजारी ठेवून आपण ठरवलं की कोंबडी आजारी पडली. लाव्हा लाव्हा म्हणून बावीस पानं लिहिली आणि निघाला लावा पक्षी. गावातल्या शेंबड्या पोरालाही लाव्याचं अंडं ओळखू येतं. तिला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. चौतीस वर्षं जी गोष्ट आपली म्हणून छातीशी धरून ठेवली होती, ती खोटी होती. एखादं पोर चोरीला जावं आणि सापडावं तेव्हा मेलेलं सापडावं, तसं तिचं झालं.

एका वार्ताहराने विचारलं, "म्हणजे देशकर सिद्धान्त चुकला?"

सर हळूहळू उठले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोकं चालत होतं. ते नेहमीच चालायचं.

"एक गोष्ट मी आज प्रांजळपणे सांगणार आहे," ते म्हणाले. "हे ओझं मी फार वर्षं वाहिलं. हा सिद्धान्त मुळात माझा नव्हे. आमडोहला आमच्याबरोबर एक स्थानिक महिला होत्या. त्या सभागृहात आहेत. गेडामबाई. पातळ अंड्यांची कल्पना त्यांची. त्यांचा फार आग्रह होता. मी त्यांच्या शब्दावर विसंबलो आणि भिडेखातर माझं नाव दिलं. आज या सिद्धान्ताचं जे काही आहे, ते त्यांना मिळावं."

शकुनने आजवर या माणसाच्या तोंडून नुसतं ‘गेडाम’ ऐकलं होतं. ‘बाई’ आज पहिल्यांदा आलं. सगळे कॅमेरे तिसऱ्या रांगेकडे वळले. जे वाक्य ऐकण्यासाठी तिने गाव सोडलं, संसार सोडला, पोरीला हव्या त्या वाटेने जाऊ दिलं नाही, ते वाक्य तो जगासमोर बोलला होता. फक्त होय म्हणायचं बाकी होतं. होय म्हटलं की वही तिची, विचार तिचा. आणि चूकही तिची. पाठ्यपुस्तकातून धडा निघेल तेव्हा खाली तिचं नाव राहील आणि हा माणूस भिडस्त, सज्जन म्हणून घरी जाईल.

तिला जो संताप आला, तसा तो पोलीस दारात आले तेव्हाही आला नव्हता.

ती उभी राहिली. कुणीतरी तिच्या हातात ध्वनिक्षेपक दिला. ती बोलली ते सावकाश, अगदी पुस्तकी मराठीत बोलली.

"सरांचा काहीतरी गैरसमज होतो आहे. वय झालं आहे त्यांचं. मी त्या टेकडीवर टोपल्या उचलायला होते. दोन हजार दहा साली या संस्थेने सरांकडून लेखी खुलासा घेतला होता. त्यात सरांनीच लिहून दिलं आहे, ‘सदर महिलेचा संशोधनाशी काहीही संबंध नाही. तिला चार ओळी सुसंगत लिहिता येत नाहीत.’ सरांची सही आहे त्यावर. संस्थेच्या दप्तरात असेल, काढून बघा. ज्या बाईला चार ओळी लिहिता येत नाहीत, ती सिद्धान्त कुठून लिहिणार? तो विचार सरांचाच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरांचाच."

ती खाली बसली. मागे कुणीतरी हसलं, मग आणखी चारजण हसले. चूक अंगाशी आली तेव्हा म्हाताऱ्याने ती एका मजूर बाईच्या गळ्यात मारायला पाहिली, हे सभागृहातल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. संध्याकाळच्या बातम्यांत दुसरं काही नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर सर तिला व्हरांड्यात गाठायला आले. हा तोच व्हरांडा होता.

"गेडामबाई, तुम्हाला हेच हवं होतं ना? मी तुमचं नाव घेतलं. सगळ्यांसमोर घेतलं."

"होय सर. हेच हवं होतं."

"मग?"

"गोड होतं तवा तुमचं, अन् नासलं तवा माहं? असं नसते सर. ज्यानं खाल्लं, त्यानंच संपवाचं."

"मी फार दिवसांचा सोबती नाही," ते म्हणाले. "लोक मला चोरही म्हणतील आणि मूर्खही."

"चोर म्हणवून घेणं कसं असते, ते मले माहीत हाय. सवय होते हळूहळू." शकुन वळून चालू लागली. तिला त्यांची दया आली नाही. येईल असं तिला मधे एकदा वाटलं होतं, पण नाही आली.

पौर्णिमा तिच्या खोलीत संगणकापुढे बसली होती. पडद्यावर शुद्धितक्ता होता. अहवाल पाठवायला अर्धा तास उरला होता आणि नावाचा रकाना रिकामा होता.

"आई, तू सगळ्यांसमोर खोटं बोललीस."

"बोलली."

"सिद्धान्त चुकला ते राहू दे. पण हाड तर तुला सापडलं. आजच्या निकालाने ते जगातलं सगळ्यात महत्त्वाचं हाड झालं आहे. इथे नाव लिहिलं की ते कायमचं तुझं. लिहिते मी."

शकुनने पडद्याकडे पाहिलं. हे नाव तिथे बसलं की लोक विचारणार होते, बाईने हाड चाखलं, मग विचारही बाईचा नसेल कशावरून. सरांना सुटायला एवढी फट पुरली असती.

"माहा नमुना मागे घेता येते?"

"येतो. संमतिपत्रात तसा हक्क आहे. मग मला फक्त ‘अनोळखी स्त्री’ एवढंच लिहिता येईल."

"तसंच लिही."

"आई, नीट विचार कर. एकदा गेलं की परत नाही लावता येणार."

"केला. सरांच्या रकान्यात काय जाईन?"

"जे खरं आहे ते. ‘आढळ नाही’."

"लिही मग."

पौर्णिमाने आईकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं. उद्या सकाळपर्यंत जगाला कळणार होतं की ते हाड अच्युत देशकरांच्या जिभेला कधीच लागलं नव्हतं. हाड त्यांचं नव्हतं. सिद्धान्त मात्र त्यांचा होता, त्यांच्या सहीनिशी, आणि तो आता मरेपर्यंत आणि मेल्यावरही त्यांचाच राहणार होता.

शकुनला बरं वाटलं. फार वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. मग अहवाल गेल्याची खूण पडद्यावर आली आणि ती मुलीशेजारच्या खुर्चीत बसून रडायला लागली. बावीस पानं चुकली होती, पण ती तिने स्वतः लिहिली होती, आणि हे ठाऊक असलेली माणसं जगात आता तीनच होती. त्यांतल्या एकावर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं आणि बाकीच्या दोघी कधी सांगणार नव्हत्या.